शंभरावा चष्मा

समाजसेवेचा क्लब काढायचं ठरलं तेव्हा अध्यक्ष कोणी व्हायचं, या प्रश्नावर पहिल्या बैठकीत चांगली वीस मिनिटं सगळ्यांनी एकमेकांची तोंडं बघून घेतली. बेकरीवाल्याला पहाटेपासून भट्टी, ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाला मान वर करायला फुरसत नाही, चित्रकलेच्या मास्तरांचा आवाज दुसऱ्या रांगेपलीकडे जात नाही. राहिल्या सिस्टर. इस्पितळातून नुकत्याच निवृत्त झालेल्या या बाईंनी आधीच सांगून टाकलं होतं की काम कितीही सांगा, खुर्ची सांगू नका. शेवटी सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्यावर येऊन थांबल्या. तो नको नको म्हणाला, पण त्या नको-नकोमध्ये फारसा जीव नव्हता. घरी येऊन तो बायकोला म्हणाला की शेवटी लोकांनी गळ्यात घातलंच. बायको भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही मान पुढे केली असेल."

तिचं काही चुकलं नव्हतं. तीस वर्षं त्याने त्याच कोपऱ्यावर, त्याच अरुंद दुकानात चष्मे विकले होते. मागे पडदा लावून केलेली नंबर तपासायची खोली, पुढे काउंटर आणि भिंतीवर फ्रेमांच्या रांगा. लोक त्याच्याकडे विश्वासाने येत. महागडी फ्रेम मागणाऱ्याला तो स्वतःच म्हणे की तुमच्या नाकाला ही शोभणार नाही, आणि एखादा चष्मा चुकीचा गेलाच तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बदलून देई. पण गिऱ्हाईक कितीही समाधानी झालं तरी दुकानदारासाठी टाळ्या वाजवत नाही. अध्यक्षासाठी वाजवतात. पहिल्याच सभेत बावीस माणसांनी टाळ्या वाजवल्या आणि चष्मेवाल्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

कल्पनाही त्याचीच होती. प्रत्येक घरात एखाद्या खणात जुने चष्मे पडून असतात. ते गोळा करायचे, त्यांचे नंबर मोजायचे आणि ज्यांना चष्मा परवडत नाही त्यांचे डोळे तपासून जुळणारा चष्मा फुकट द्यायचा. अशा सगळ्या क्लबांच्या मुख्य संस्थेचा नियम असा होता की नव्या क्लबने तीन महिन्यांत निदान शंभर लोकांच्या उपयोगी पडेल असं एक काम पुरं करावं, मगच त्याला सनद मिळेल. तेव्हा शंभर चष्मे. मास्तरांनी मोठ्या पुठ्ठ्यावर शंभर चौकोन आखले. एक चष्मा दिला की एक चौकोन निळा करायचा.

चष्मे भराभर आले. बुटांच्या खोक्यांत, पिशव्यांत, एका आजोबांनी तर साबणाच्या डबीत घालून पाठवले. चष्मेवाला दुकान बंद केल्यावर एकेक चष्मा यंत्राखाली धरी, नंबर मोजी, चिकटपट्टीवर लिहून काडीला चिकटवी. या कामात एक मेख असते आणि ती क्लबात फक्त त्यालाच ठाऊक होती. नुसता नंबर जुळून भागत नाही. काचेचा मध्य माणसाच्या बुबुळासमोर यावा लागतो. कोणाचे डोळे जवळ असतात, कोणाचे लांब. दुसऱ्याच्या चेहऱ्यासाठी बनवलेला चष्मा घातला की नंबर बरोबर असूनही डोळे एकमेकांशी भांडत बसतात, डोकं ठणकतं, एका धाग्याचे दोन दिसतात. म्हणून तो पट्टी घेऊन प्रत्येक चष्म्याच्या मध्यांमधलं अंतरही मोजत असे. सिस्टर एकदा म्हणाल्या की एवढं बारीक बघत बसलात तर शंभर व्हायला वर्ष लागेल. तो म्हणाला की बारीक बघणं हाच आमचा धंदा आहे.

वाटपाचा कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात ठेवला. सकाळी सगळं अगदी शिस्तीत चाललं होतं. लोक बाकांवर बसून वाट बघत होते, सिस्टर नावं लिहीत होत्या, तो पडद्यामागे डोळे तपासून नंबराची चिठ्ठी देत होता, आणि खोक्यांतून नेमका चष्मा सापडला की लोकांचे चेहरे असे उजळत की बघणाऱ्यालाही बरं वाटावं. लोक त्याला डॉक्टरसाहेब म्हणू लागले. त्याने दोनदा दुरुस्त केलं, तिसऱ्यांदा सोडून दिलं. दुपारनंतर मात्र खोकी रिकामी व्हायला लागली. जुळणारे चष्मे सकाळच्या लोकांबरोबर गेले होते आणि उरले होते ते जवळपासचे. सनद द्यायला मुख्य संस्थेचे पाहुणे पाच वाजता येणार होते. चष्मेवाल्याची पट्टी कधी खिशात गेली ते त्याचं त्यालाही कळलं नाही. एखादा माणूस चष्मा घालून जरा थबकला की तो म्हणे, "घालत राहा. पंधरा दिवसांत सवय होईल." हे वाक्य खोटं नाही. नव्या नंबराची सवय व्हावी लागते, सगळे चष्मेवाले हे सांगतात आणि बहुतेक वेळा तसंच होतं.

पावणेपाचला नव्याण्णव चौकोन निळे झाले होते आणि बाकावर एकच बाई उरली होती. पंचावन्नच्या आसपासची, बारीक अंगाची, हात मांडीवर नीट ठेवून बसलेली. ती एका लाँड्रीत रफू करायची. कपड्याला पडलेलं भोक त्याच कपड्याच्या कडेचा धागा काढून असं विणायची की कुठे फाटलं होतं ते मालकालाही सापडू नये. त्याने तिचे डोळे तपासले. उजव्याचा नंबर तीन, डाव्याचा पावणेदोन, आणि डोळे एकमेकांच्या अगदी जवळ. खोक्यात तिच्याजोगा एकही चष्मा नव्हता.

सिस्टर हळूच म्हणाल्या की हिला आज नोंदवू नका, दोन दिवसांनी दुकानात बोलवा आणि नवा करून द्या. नव्याण्णव झाले म्हणून काही आभाळ कोसळत नाही. ते खरंच होतं, आणि त्यालाही ते पटलं होतं. पण बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला, ड्रायव्हिंग स्कूलचा मालक धावत आत येऊन म्हणाला की पाहुणे आले, आणि मास्तर निळा ब्रश हातात घेऊन शेवटच्या चौकोनासमोर उभे राहिले. फोटोग्राफर तर केव्हाचा उभाच होता.

"आहे एक," चष्मेवाला म्हणाला. खोक्याच्या तळाशी कोणा रुंद चेहऱ्याच्या पुरुषाचा चष्मा होता. दोन्ही काचा अडीचच्या. त्याने तो उचलला, पुसला आणि बाईच्या नाकावर चढवला. तो घसरला. त्याने काड्या वाकवून घट्ट केल्या. बाईने आपल्या हाताकडे बघितलं, भुवया जराशा जवळ आणल्या, आणि विचारलं, "असंच दिसतं का, डॉक्टरसाहेब?"

"घालत राहा," तो म्हणाला. "सवय होईल."

मास्तरांनी चौकोन भरला, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. सनद मिळाली. पाहुणे भाषणात म्हणाले की अध्यक्ष असावा तर असा. बायको पहिल्या रांगेत बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर, चक्क कौतुक होतं. चष्मेवाल्याने मनाशी ठरवलं की उद्याच त्या बाईला बोलावून नवा चष्मा करून द्यायचा. तिची नंबराची चिठ्ठी त्याने मुद्दाम वेगळी काढून काउंटरच्या खणात ठेवली.

उद्या गेलं, परवा गेलं. आधी अभिनंदनाचे फोन, मग मुख्य संस्थेचा अहवाल, मग रक्तदानाची तयारी. खण उघडला की चिठ्ठी दिसायची आणि तो खण बंद करायचा. एक आठवडा गेल्यावर बोलवावं तर एक आठवडा का लागला ते सांगावं लागणार, म्हणून आणखी एक गेला. तोवर सवय झाली असेल, असं तो स्वतःला सांगे. तीस वर्षांच्या अनुभवाने त्याला पक्कं माहीत होतं की या चष्म्याची सवय होत नसते. सनदेचा फोटो त्याने हौसेने मोठा करून दुकानात लावला होता. त्यात पाहुणे हसत होते, तो हसत होता, आणि दोघांच्या मधे ती बाई घसरणारा चष्मा एका बोटाने सावरत उभी होती. महिन्याभराने त्याने तो फोटो काढून फ्रेमांच्या मांडणीमागे सरकवला. बायकोने विचारलं तेव्हा म्हणाला की तिथे ऊन लागतं.

चार महिन्यांनी नव्या सदस्यांच्या शपथविधीची तारीख ठरली. चष्मेवाल्याचा एकुलता एक चांगला कोट कपाटातून निघाला तो बाहीला कसर लागलेला. बायको म्हणाली की लाँड्रीत देऊन रफू करून आणा. तो दुसऱ्या लाँड्रीकडे निघाला होता. मग आपलीच लाज वाटून परत फिरला आणि त्या रफूवालीच्याच लाँड्रीत गेला.

खिडकीजवळची तिची खुर्ची रिकामी होती. रिकामी म्हणजे, तिच्यावर हँगरांचं खोकं ठेवलेलं होतं. लाँड्रीवाल्याने बाही बघितली आणि मान हलवली. मावशी गेल्या सोडून, म्हणाला. डोळे गेले बिचारीचे. बारीक चौकटीचा एक कोट होता, त्याच्या रफूत चौकट एका धाग्याने सरकली. गिऱ्हाईक काही बोललं नाही, त्याला दिसलंही नव्हतं. पण मावशींनी चाचपून ओळखलं, सगळं उसवलं, परत केलं, परत चुकलं. तिसऱ्यांदा उसवताना कापडच गेलं. त्या दिवशी त्या उठल्या त्या परत बसल्या नाहीत. आता कुठल्याशा वसतिगृहात चादरींच्या घड्या घालतात. "तुमच्याच क्लबने चष्मा दिला होता ना," लाँड्रीवाला म्हणाला. "तुम्ही केलंत हो आपल्या परीने. चष्मा असूनही दिसेना, मग कोण काय करणार?"

चष्मेवाल्याने कोट उचलला आणि बाहेर आला. पाय चालत होते म्हणून तो दुकानापर्यंत पोचला. त्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं आणि त्याला त्याने दोनदा तोच प्रश्न विचारला. चार महिने ज्याला तो घाई, विसर, कामाचा व्याप अशी नावं देत होता, त्याचं खरं नाव आता त्याला कळलं होतं. त्याने जाणूनबुजून एका बाईच्या हातातलं काम काढून घेतलं होतं, आणि वर ती बाई स्वतःच्या डोळ्यांना दोष देत होती.

आता सरळ तिच्या घरी जायचं, पण माणूस सरळ जातो थोडाच. त्यातून अध्यक्ष. पुढच्या बैठकीत तो उभा राहिला आणि म्हणाला की आपण चष्मे वाटले खरे, पण वाटून मोकळं होणं ही सेवा नव्हे. शंभरही लोकांकडे पुन्हा चौकशी करावी, ज्यांना अडचण असेल त्यांना शिबिरात बोलवावं आणि चष्मा बदलून द्यावा. त्याचा हिशेब सोपा होता. शंभरांच्या गर्दीत ती एक येईल, तिचं काम होऊन जाईल, आणि कोणाला काही सांगावं लागणार नाही. सभेने जोरात टाळ्या वाजवल्या. बेकरीवाला म्हणाला की असा विचार अध्यक्षच करू जाणे. चष्मेवाला खाली बसला तेव्हा त्याचे कान तापले होते, आणि लोकांना वाटलं की माणूस किती विनयशील आहे.

पंधरा दिवसांत सिस्टरांनी फोन करून, काहींच्या घरी जाऊन ब्याऐंशी जणांना गाठलं. सगळे म्हणाले, छान दिसतं. दोघांचे स्क्रू ढिले झाले होते, एकीच्या चष्म्यावर नातू बसला होता. शिबिराला तिघेच आले. रफूवाली आली नाही. सिस्टरांच्या यादीत तिच्या नावापुढेही छान असंच लिहिलेलं होतं.

आठवड्याभराने सिस्टर दुकानात आल्या आणि रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काउंटरवर ठेवलं. वसतिगृहात एका आजारी मुलीला बघायला गेल्या होत्या, तिथे रफूवाली भेटली. तिने पिशवीतून हा चष्मा काढून दिला. म्हणाली की फोनवर सांगायला लाज वाटली. चष्मा चांगला आहे, माझे डोळेच वाईट, कोणाच्या तरी उपयोगी पडू दे. काचा इतक्या स्वच्छ पुसलेल्या होत्या की नव्या वाटाव्यात.

"तपासून बघा," सिस्टर म्हणाल्या.

चष्मेवाल्याने चष्मा यंत्राखाली धरण्याचं नाटक केलं. तिचा नंबर बदलला असेल, तो म्हणाला. या वयात झपाट्याने बदलतो. मी एक नवाच करून देतो तिला, माझ्यातर्फे. सिस्टरांना ते आवडलं. त्या चहा पीत बसल्या आणि तो उत्साहाने कामाला लागला. निदान आता तरी काहीतरी करता येत होतं. त्याने खण उघडला, चिठ्ठी काढली, काचा निवडल्या, लहान चेहऱ्याची फ्रेम घेतली, मध्यावर खूण केली. काच घासायच्या चाकाचा आवाज चालू झाला आणि थांबला.

"अध्यक्ष, नंबर बदलला म्हणालात ना?" त्यांनी विचारलं. "मग वाटपाच्या दिवशीच्या चिठ्ठीवरून काय करताय?"

तीस वर्षं जो माणूस डोळे तपासल्याशिवाय काचेला हात लावत नव्हता, तो आज तपासायचं विसरला होता, कारण तपासायची गरज नाही हे त्याच्या हातांना माहीत होतं. सिस्टरांनी कप खाली ठेवला. इतकी वर्षं इस्पितळात काढलेल्या बाईला माणूस कधी खोटं बोलतो ते सांगावं लागत नाही. रविवारी सकाळी दहाला मी येते, तिच्याकडे बरोबरच जाऊ, एवढं म्हणून त्या उठल्या.

रविवारपर्यंत तो नीट जेवला नाही. बायकोला वाटलं, शपथविधीच्या भाषणाची काळजी असेल. शेवटी त्याने तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी पहिल्या रांगेत बसले होते हो." यापेक्षा तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

रफूवाली मुलगा आणि सुनेबरोबर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होती. मुलगा कामावर गेला होता. खुद्द अध्यक्ष घरी आलेले बघून सासू-सुनांची धांदल उडाली. एकच बरी खुर्ची होती, तिच्यावर त्याला बसवलं. त्याने नवा चष्मा काढून दिला. बाईने तो दोन्ही हातांनी घेतला, घातला, आणि सवयीने एक बोट नाकापाशी नेलं. चष्मा घसरत नव्हता. तिने आपल्या पदराची कड उचलून डोळ्यांसमोर धरली. मग सुनेकडून सुई मागून घेतली, दोरा ओवला. काढला. परत ओवला.

"एकाचे दोन दिसत नाहीत," ती म्हणाली. कोणालाच उद्देशून नाही. "सूनबाई, विणीतला धागा न् धागा मोजता येतोय गं."

सून डोळे पुसायला लागली. आणि बाईने त्याच्याकडे इतक्या आनंदाने बघितलं की त्याला बघवेना. "म्हणजे माझे डोळे सुधारले, डॉक्टरसाहेब?"

हो म्हणणं फार सोपं होतं. हो म्हटलं असतं तर सगळेच खूश झाले असते. ती उद्या लाँड्रीत जाऊन बसली असती, तो शपथविधीला उभा राहिला असता. सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या.

"मी डॉक्टर नाही," तो म्हणाला. "आणि तुमचे डोळे बिघडलेच नव्हते, ताई. मी तुम्हाला दिलेला चष्मा चुकीचा होता. नंबर चुकीचा, माप चुकीचं."

"चूक होते माणसाची," ती पटकन म्हणाली. त्याला सावरून घ्यायलाच निघाली होती.

"चूक नाही. देतानाच मला माहीत होतं. शंभर पुरे करायचे होते. तुम्ही शंभराव्या होतात."

आता सूनच बोलली. तिने आवाज चढवला नाही, पण एकही शब्द गिळला नाही. आई कामावरून आल्या की कपाळाला फडकं बांधून पडायच्या. डोकं फुटायची वेळ आली तरी चष्मा काढत नव्हत्या, साहेबांनी सवय होईल सांगितलंय म्हणायच्या. सकाळी अर्धा तास आधी उठून सवय करायच्या. तो कोट खराब झाला तेव्हा चार दिवस घरात कोणाशी बोलल्या नाहीत. चष्मेवाला मान खाली घालून ऐकत होता. तो माफी मागत होता, पण ती किती तोकडी आहे हे त्याचं त्यालाच ऐकू येत होतं. लाँड्रीवाल्याला मी स्वतः सांगेन, तो म्हणाला. क्लबातही सांगेन, शपथविधीच्या आधी. अध्यक्षपद सोडतो.

रफूवालीने सुनेला हाताने थांबवलं. तिने चष्मा काढला, मांडीवर ठेवला, आणि त्याच्याकडे बघितलं. आता तिच्या चेहऱ्यावर मघाचा आनंद नव्हता, पण त्याला हवा होता तो रागही नव्हता. ती विचारात पडली होती.

"लाँड्रीत सांगा," ती म्हणाली. "तिथे सांगायलाच हवं. क्लबाचं तुमचं तुम्ही बघा. पण मला एक सांगा, असा आणखी कोणाला दिलात?"

"नाही," तो म्हणाला. "फक्त तुम्हालाच. बाकी सगळ्यांना छान दिसतं. सिस्टरांनी ब्याऐंशी जणांना विचारलंय."

"मलाही विचारलं होतं," रफूवाली म्हणाली. "मीही छानच म्हटलं होतं."

आणि त्याला ती दुपार आठवली. दुपारनंतरचं ते सभागृह, तळाला गेलेली खोकी, खिशात गेलेली पट्टी. घालत राहा, घालत राहा. किती जणांना म्हटलं होतं? वीस? तीस? इतके महिने तो एकाच बाईचं ओझं वाहत होता, आणि त्या ओझ्यालाच प्रामाणिकपणा समजत होता.

"फुकट दिलेल्या वस्तूला कोण नावं ठेवतंय," ती समजावल्यासारखी म्हणाली. "वर तुम्ही इतकी मोठी माणसं घरी येऊन विचारता. तुम्हाला नाही कोणी सांगायचं." मग ती उठली, चष्मा घातला आणि दाराशी जाऊन चपला शोधू लागली. "यादी आहे ना सिस्टर तुमच्याकडे? मी येते."

सिस्टरांनी पर्समधून यादी काढली. त्याने दुपारनंतरच्या नावांवर बोट ठेवलं. सर्वांत जवळचा पत्ता एका म्हाताऱ्या लिफ्टमनचा निघाला, दोनच गल्ल्या सोडून. तिघं चालत गेली. रफूवाली मधेच थांबून भिंतींवर चिकटवलेल्या पत्रकांतली बारीक अक्षरं जवळ जाऊन वाचत होती.

जिना चढून गेल्यावर तिने त्याला दाराबाहेरच थांबायला सांगितलं. तुम्ही दिसलात की तो छानच म्हणेल, म्हणाली. मग ती आणि सिस्टर आत गेल्या आणि दार लोटलं गेलं. चष्मेवाला जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. आतून म्हाताऱ्याचा आवाज आला. या, बसा, क्लबाने लई उपकार केले, चष्मा एकदम छान आहे, काही तक्रार नाही. मग रफूवालीचा आवाज आला. तो चौकशी करणारीचा नव्हता, शेजारणीचा होता.

"माझंही छानच होतं, बाबा. फक्त डोकं दुखायचं, आणि एकाचे दोन दिसायचे. मला वाटलं, माझेच डोळे गेले. कोणाला बोलले नाही मी."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि म्हातारा हळू आवाजात म्हणाला, "खरं सांगू का, बाई?"